आधी वस्तीत लावा, मग सभागृहात

झोपडपट्टीतल्या जगण्याचे फोटो काढावेत, त्यांचं प्रदर्शन भरवावं आणि त्यातून मदतनिधी उभा करावा, याला माझा विरोध नाही. ब्राझीलमधल्या फावेला वस्त्यांवर अशी प्रदर्शनं युरोप-अमेरिकेत भरत आली आहेत. आपल्या परभणी जिल्ह्यातही ऊसतोडीच्या कोप्या, शहराच्या कडेची पालं, दुष्काळातले हंडे, पुरात बुडालेली घरं यांचे फोटो निघतात, कॉलेजच्या व्हरांड्यात लागतात, पुण्या-मुंबईच्या कलादालनांत जातात. माझी तक्रार एवढीच की या सगळ्या व्यवहारात ज्यांचे फोटो आहेत ती माणसं फक्त चेहरा पुरवतात. परवानगी, प्रदर्शन, पैशाचा हिशेब, कुठल्याच टप्प्यावर त्यांना कुणी विचारत नाही. संस्था, महाविद्यालयांचे एनएसएस विभाग, नगरपालिका आणि हौशी छायाचित्रकार यांच्यापुढं म्हणून हे मुद्दे ठेवतो आहे.

१. सुरुवात ब्राझीलपासूनच करू, कारण या प्रकारातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण तिथलं आहे. १९६१ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या ‘लाइफ’ साप्ताहिकानं रिओ दि जानेरोतल्या काताकुंबा या टेकडीवरच्या झोपडपट्टीचे फोटो छापले. छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स. ते स्वतः कॅन्ससमधल्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात वाढलेले, त्यामुळं गरिबी त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी सगळी कथा फ्लाव्हियो दा सिल्वा या बारा वर्षांच्या मुलाभोवती गुंफली. भावंडांत थोरला, दम्यानं खंगलेला, आई-बाप कामाला गेले की धाकट्यांना सांभाळणारा आणि चुलीपाशी खोकत बसणारा. वाचकांनी पत्रांबरोबर पैसे पाठवले, सुमारे तीस हजार डॉलर. डेन्व्हरच्या एका रुग्णालयानं मोफत उपचार देऊ केले. पोरगा विमानानं अमेरिकेला गेला, घरच्यांना टेकडीवरून खाली आणून नवं घर दिलं. दोनेक वर्षांनी तो बरा झाला आणि त्याला परत पाठवण्यात आलं. त्याला परतायचं नव्हतं. पुन्हा अमेरिकेला जाता यावं ही त्याची धडपड पुढं बरीच वर्षं चालली.

आणि टेकडी? १९७० मध्ये काताकुंबाची वस्ती सरकारनं उठवली. जागा सरोवराकाठची, रिओतल्या श्रीमंत भागातली. आज तिथं उद्यान आहे. माणसं लांबच्या वसाहतींत विखुरली. एका मुलाचा दमा बरा झाला, एका घराला छप्पर मिळालं, याला मी मुळीच कमी लेखत नाही. पण फोटो एका मुलाचा असला की मदतही एकाच मुलाला मिळते, आणि शेजारच्या दाराशी उभी असलेली पोरं चौकटीबाहेर राहतात. टेकडीला पाणी नाही, गटार नाही, जमिनीचा कागद नाही, हे एका चेहऱ्याच्या फोटोत मावत नाही.

या प्रकरणाचं एक उपकथानकही आहे. ब्राझीलमध्ये लोक चिडले. ‘ओ क्रुझेरो’ या तिथल्या नियतकालिकानं आपला छायाचित्रकार आँरी बालो याला न्यूयॉर्कला धाडलं आणि तिथल्या पोर्तो रिकोहून आलेल्या एका गरीब कुटुंबाचे तसेच फोटो छापून परतफेड केली. दोन देशांचं भांडण, आणि भांडायला दोघंही शिरले ते गरिबाच्याच घरात.

२. ‘आमची बदनामी’ हा सूर आपल्याकडंही लगेच लागतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणारे आपण. पालांचे फोटो मुंबईत लागले की कुणीतरी पत्रक काढतंच. हा आक्षेप मला मान्य नाही. तो बहुधा पालात न राहणाऱ्यांचा असतो. ब्राझीलनं २०२२ च्या जनगणनेत १२ हजार ३४८ फावेला मोजल्या आणि त्यांत १ कोटी ६४ लाख लोक राहतात हे जगजाहीर केलं. आपल्या २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या झोपडपट्ट्यांत १ कोटी १८ लाख माणसं होती, देशात सर्वांत जास्त. हे आकडे छापून आले म्हणून बदनामी झाली नाही, तर फोटोनं कशी होईल?

३. मदत आणि फोटो यांची सोयरीक आपल्या जिल्ह्यात केव्हाच जुळलेली आहे, हे प्रदर्शनवाल्यांनी विसरू नये. पुढाऱ्याचा वाढदिवस आला की रुग्णालयात फळवाटप. एका केळ्याला सहा हात लागलेले असतात आणि सातवा, सलाईनची सुई टोचलेला, रुग्णाचा. फोटोग्राफर म्हणतो, ‘साहेब, इकडं बघा’, आणि खाटेवरचा सोडून सगळे बघतात. जूनमध्ये वह्यावाटप, डिसेंबरात स्टेशनवर ब्लँकेटवाटप. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत वाटणाऱ्यांची नावं ‘आदींची उपस्थिती होती’पर्यंत लांबत जातात, घेणारे सगळे मिळून ‘गरजू’.

२०१९ च्या महापुरात इचलकरंजीत धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्री आणि आमदार यांच्या फोटोंचे स्टिकर निघाले तेव्हा राज्यभर टीका झाली. सहा वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला, आणि धाराशिवमध्ये मदतीच्या किटवर पुन्हा पुढाऱ्यांचे फोटो. टीका पुन्हा झाली. पुढच्या पुरात काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको.

प्रदर्शन भरवणारी मंडळी म्हणतील, आमचं तसं नाही, आमच्या फोटोत मधोमध गरीब माणूस असतो. खरं आहे, आणि हा फरक छोटा नाही. पण फोटो कधी काढायचा, कुठला निवडायचा, खाली काय लिहायचं आणि तो कुणी बघायचा, हे ठरवणाऱ्यांत तो माणूस दोन्हीकडं नसतो.

४. परवानगी. हा मुद्दा सगळे मान्य करतात आणि कुणी पाळत नाही. रांगेत उभ्या माणसाची संमती ही संमती नसते. हातात किट पडायचं असतं, समोर कॅमेरा असतो, ‘नको’ म्हणायची सोय नसते. म्हणून वाटप आणि फोटो एका दिवशी नकोत. फोटोला नाही म्हणणाऱ्यालाही तेवढंच किट मिळणार आहे, हे आधी मोठ्यानं सांगावं. लहान पोरांचे फोटो आई-बापाला विचारल्याशिवाय नकोत; उघड्या अंगाचे, रडतानाचे तर विचारूनही नकोत.

२०१८ मध्ये अलेस्सिओ मामो या इटालियन छायाचित्रकारावर जगभरातून टीका झाली. त्यानं उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या खेड्यांत टेबल मांडलं, त्यावर खोटं अन्न ठेवलं आणि गरीब माणसांना डोळे झाकून आवडत्या पदार्थाची कल्पना करायला सांगितलं. हेतू अन्नाच्या नासाडीकडं लक्ष वेधण्याचा होता म्हणे. फोटोतल्या माणसांनी उभं राहायला होकार दिला असेलही. पण आपण कुठल्या कथेत उभे आहोत, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? नुसता होकार घेऊन भागत नाही. हा फोटो कुठं लागणार, कोण बघणार, त्यावर पैसे गोळा होणार का, हे सगळं सांगून मग विचारायचं. धारावीत पर्यटकांना फिरवणारी रिअ‍ॅलिटी टूर्स ही कंपनी फेरीत कॅमेरा काढूच देत नाही. धंदा वस्ती दाखवण्याचा, तरी एवढी मर्यादा तिनं घालून घेतली.

उसाच्या फडावर फोटोवाला दिसला की एखादी बाई मोळी बांधता बांधताच विचारते, ‘फोटू काढून काय करायलात?’ हा प्रश्न पुष्कळांना उर्मट वाटतो. मला तो अख्ख्या व्यवहारातला सगळ्यांत रास्त प्रश्न वाटतो.

५. फोटोची प्रत द्या. कायद्यानं, म्हणजे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं, फोटोचा मालक सहसा तो काढणारा; ज्याचा चेहरा आहे त्याचा त्यावर काही हक्क नाही. हा हक्क काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. कायदा बदलेल तेव्हा बदलेल, प्रिंट द्यायला त्याची वाट बघायची गरज नाही.

ही गोष्ट किरकोळ वाटत असेल तर वस्तीतल्या घरांच्या भिंती बघा. पत्र्याला तारेनं अडकवलेला, हार घातलेला फोटो असतो म्हाताऱ्याचा किंवा म्हातारीचा, आणि तो बऱ्याचदा आधार कार्डावरून मोठा केलेला असतो. चेहरा फुटलेला, कान अर्धवट, मागं स्टुडिओवाल्यानं घातलेलं निळं आकाश किंवा धबधबा. नाहीतर कुणाच्या तरी लग्नाच्या गर्दीतून कापून काढलेला. खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात राहून गेलेला असतो. माणूस गेला की घरात धावाधाव सुरू होते, एखादा बरा फोटो आहे का. आणि त्याच माणसाचा, उन्हात हसणारा, दात दिसणारा उत्तम फोटो कुठल्यातरी छायाचित्रकाराच्या हार्ड डिस्कमध्ये असतो. पुण्यात त्याला बक्षीसही मिळालेलं असतं. मोबाइलवर पाठवला तर पैसाही पडत नाही; छापून दिला तर चहा-भज्यांइतका खर्च. तरी तो दिला जात नाही, कारण नाव-गाव लिहून घेतलेलंच नसतं.

लिहून घेतलेलं नाव फोटोखाली दाखवायचं की नाही, हे पुन्हा त्याच माणसानं ठरवायचं. काहींना नाव हवं असतं, काहींना अजिबात नको असतं.

६. या राज्यात झोपडीवाल्यांनी स्वतः मागून घेतलेला आणि जिवापाड जपलेला एक फोटो आहे: फोटोपास. १९७६ मध्ये मुंबईत सरकारी आणि पालिकेच्या जागेवरच्या झोपड्यांची गणना झाली, झोपड्यांवर नंबर पडले आणि त्यानंतर फोटो लावलेलं ओळखपत्र मिळू लागलं. त्या फोटोत कुणी हसत नाही, उजेड धड नाही, कला तर औषधालाही नाही. पण पाडकामाची माणसं आली की ट्रंकेच्या तळातून, प्लास्टिकच्या पिशवीतून तो बाहेर निघतो आणि कामाला येतो. कुठल्याही कलादालनात लागला नसला तरी महाराष्ट्रातल्या झोपडपट्टीचा सगळ्यांत उपयोगी फोटो मी यालाच म्हणेन.

मदतीच्या प्रदर्शनानं यातून शिकावं. फोटोनं बघणाऱ्याला नुसतं हळहळायला लावू नये. वस्तीचं कुणाकडं काय थकलं आहे, ते दाखवावं. फोटोखाली ‘जीवनसंघर्ष’ किंवा ‘चेहऱ्यावरच्या सुरकुत्या’ असली शीर्षकं देण्याऐवजी लिहा: नळ इथून किती अंतरावर आहे, गटाराचं काम कुणाकडं आहे, रेशन कार्डाचा अर्ज कुठं पडून आहे. राज्यात १९७१ चा झोपडपट्टी कायदा आहे. त्याखाली वस्ती झोपडपट्टी म्हणून जाहीर झाली की सुधारणेचा आणि सोयींचा रस्ता मोकळा होतो. पण मोजण्यातच गोम आहे. २०११ च्या जनगणनेत जी वस्ती सरकारदरबारी जाहीर किंवा मान्य नव्हती, ती झोपडपट्टीत धरायला साधारण ६०-७० घरं किंवा ३०० माणसांची सलग वस्ती लागत होती. मुंबईला हे माप चालतं. गंगाखेड, सेलू, जिंतूर, मानवत, पूर्णा, पाथरी, सोनपेठ अशा गावांच्या कडेला वीस-पंचवीस पालं असली तर ती या मापातून सरळ खाली सांडतात. ती मोजलीच जात नाहीत. तिथं कॅमेऱ्याला खरं काम आहे: तारीख-वारासह वस्ती नोंदवून ठेवायची.

पण जपून. फोटो पुरावा असतो, आणि पुरावा कुणाच्याही हाती पडू शकतो. मराठवाड्यात गायरानावर कितीतरी भूमिहीन कुटुंबं कसून, राहून आहेत. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय झाला, तरी सातबाऱ्यावर नाव चढलेलं नाही अशी घरं आहेतच. अशा घराचा जुना फोटो त्याच्या बाजूनं उभा राहतो. आजचा, ठिकाणासह छापलेला फोटो नोटिशीचं निमित्त होऊ शकतो. फोटो लावायचा की नाही, हे म्हणून त्या घरानंच ठरवलं पाहिजे. शहरातल्या संस्थेला त्यातला धोका दिसतच नाही, कारण तो तिच्या वाट्याला येणार नसतो.

७. पैशाचा हिशेब. नोंदणी नसलेल्या मंडळींनी धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं वर्गणीसाठी ती घेतात. प्रदर्शनाच्या दारातल्या दानपेटीला वेगळा कायदा नाही. पण कार्यालयात कागद दिला म्हणजे काम संपलं असं मी मानत नाही. प्रदर्शनाच्या शेवटच्या फलकावर लिहावं: हॉलचं भाडं इतकं, छपाई इतकी, फ्रेमा इतक्या, चहापाणी इतकं, उरले इतके. आणि तोच फलक वस्तीत जाऊन वाचून दाखवावा. फ्रेमांचा खर्च जमलेल्या निधीपेक्षा जास्त निघाला तर तेही वाचावं. पुढच्या वेळी फोटो दोऱ्याला चिमट्यांनी टांगता येतील.

इतक्या अटी घातल्यावर कोण पुढं येणार, असं कुणी म्हणेल. लग्नातला फोटोग्राफर हे सगळं बिनबोभाट करतो. विचारून येतो, सांगतील ते फोटो काढतो, आधी दाखवतो, निवडू देतो, अल्बम घरपोच करतो आणि हिशेब चोख ठेवतो. नाही केलं तर वरबाप उरलेले पैसे देत नाही. वस्तीच्या हातात तेवढीही पत नसते, म्हणून नियम लेखी हवेत.

८. कॅमेरा कुणाच्या हातात? रिओच्या मारे या वस्तीसमूहात जोआव रोबेर्तो रिप्पेर या छायाचित्रकारानं २००४ च्या सुमारास वस्तीतल्याच मुलामुलींसाठी फोटोग्राफीची शाळा सुरू केली. तिथून तयार झालेल्यांनी आपल्या वस्तीचे फोटो आपणच काढले: पोलिसांच्या कारवाया जशा, तशीच लग्नं, पतंग, न्हाव्याचं दुकान. बाहेरून येणाऱ्याला पतंग दिसत नाही, कारण तो पतंग शोधायला आलेलाच नसतो.

आपल्याला तर ही गोष्ट ब्राझीलकडून शिकायचीही गरज नाही. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ चं. वस्तीनं स्वतःबद्दल स्वतः लिहावं हे मराठीनं देशाला दाखवून दिलं. परभणीच्या बी. रघुनाथांनी बांधकाम खात्यात कारकुनी करत इथल्याच माणसांवर लिहिलं. त्यांच्या एका कादंबरीचं नाव ‘जगाला कळले पाहिजे’. अक्षरात जे झालं ते चित्रात का होऊ नये? अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. गटारात उतरलेला माणूस त्यांच्या फोटोत नुसता राबताना दिसत नाही. त्याचं घर, त्याची पोरंबाळं, त्याची दारूही दिसते. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका फोटोसाठी आला आणि गेला, असं त्यांचं काम नाही, हे बघताक्षणी कळतं.

आज पालातल्या पोराकडंही मोबाइल आहे. स्पर्धा घ्यायचीच तर एनएसएसनं शिबिराच्या मुलांची घ्यायच्या ऐवजी वस्तीतल्या मुलांची घ्यावी, परीक्षक म्हणून वस्तीतल्या दोन बायका बसवाव्यात. निकाल वेगळे लागतील.

९. आणि आता शीर्षकातली मागणी. २००८ मध्ये जेआर नावाच्या फ्रेंच कलावंतानं रिओच्या प्रोव्हिदेन्सिया या टेकडीवरच्या वस्तीत तिथल्या बायकांचे डोळे आणि चेहरे घराच्या भिंतीएवढे छापून त्याच घरांवर चिकटवले. त्याच वर्षी सैनिकांनी वस्तीतल्या तीन तरुणांना विरोधी टोळीच्या ताब्यात दिलं होतं आणि ते मारले गेले होते. आता खालच्या शहराला वर बघावं लागत होतं, आणि वरून डोळे रोखलेले. या कामावरही आक्षेप घेता येतात. कलावंत बाहेरचा होता, नाव त्याचं झालं. पण प्रदर्शन पहिल्यांदा कुणी पाहिलं, तर ज्यांचे चेहरे होते त्यांनी.

परभणीत हे करायला फ्रान्सहून कुणी यायला नको. वस्तीतलं समाजमंदिर आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत आहे. तिथं आठवडाभर फोटो लावा. वेळ संध्याकाळी सातनंतरची ठेवा, कारण दिवसा माणसं रोजंदारीवर असतात. महापालिकेनं किंवा नगरपालिकेनं त्या आठवड्यापुरती तिथली स्ट्रीटलाइट चालू राहील एवढं बघितलं तरी पुष्कळ. कुणी म्हणालं माझा फोटो भिंतीवरून काढून टाका, तर त्याच क्षणी काढून टाका, वाद घालू नका, मग तो तुमचा सर्वोत्तम फोटो का असेना. उरतील ते बी. रघुनाथ सभागृहात न्या, मुंबईला न्या, परदेशात न्या.

ऊसतोड कुटुंबांच्या फोटोंचं वेळापत्रक मात्र वेगळं लागेल. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांवर जातात आणि हंगाम आटोपल्यावर परततात. त्यांच्यावरचं प्रदर्शन जानेवारीत इथं भरवलं तर बघायला उरतात त्या घर राखणाऱ्या म्हाताऱ्या आणि मागं ठेवलेली शाळकरी पोरं. ते गुढीपाडव्यानंतर भरवा. तेव्हा गावात लग्नं असतात, मुकादमाशी हिशेब चाललेला असतो, आणि उचल किती फिटली हे फोटोखाली लिहायचं असेल तर तो आकडाही तेव्हाच मिळतो.